गौरवातून वगळलेलं शरीर

'पँथर' हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांसमोर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे ब्लॅक पँथर, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा पक्ष, होते. त्यामुळे पँथर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र पक्कं उभं राहतं. काळी बरेट टोपी, चामड्याचं जाकीट, ताठ मान, उगारलेली मूठ, आणि झेप घ्यायच्या बेतात असलेलं ते जनावर. या चित्रात व्हीलचेअर कुठे बसत नाही.

ब्रॅड लोमॅक्स हा व्हीलचेअरवरचा पँथर होता. त्याचं नाव मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकलं. दलित पँथरवरचे विशेषांक आणि आठवणी वाचत मोठा झालेला माणूस मी. वर लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायाला कॅलिपर लावून चालणारा. म्हणजे हे नाव यायचं तर माझ्याच कानावर आधी यायला हवं होतं. ते का आलं नाही, याचा शोध घेता घेता जे हाती लागलं त्यातून हा लेख झाला आहे.

लोमॅक्सचा जन्म १९५०चा, फिलाडेल्फियातला. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकायला गेला आणि पँथरच्या कामात पडला. त्या शहरातली पक्षाची शाखा उभी करण्यात त्याचा वाटा होता. ऐन तरुणपणी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसने गाठलं. मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडत नेणारा हा आजार. पायांतलं बळ गेलं, खुर्ची आली. पुढे तो ओकलंडला राहू लागला. तिथल्या बसना उंच पायऱ्या होत्या. भाऊ त्याला खुर्चीतून उचलायचा, बसमध्ये नेऊन सीटवर ठेवायचा, मग खाली उतरून खुर्ची वर आणायचा. उतरताना हाच खेळ उलटा.

हे वाचताना मला एका जिल्ह्याच्या गावचा ३ डिसेंबरचा, म्हणजे जागतिक अपंग दिनाचा कार्यक्रम आठवला. सत्कारमूर्ती व्हीलचेअरवर, व्यासपीठाला पाच पायऱ्या, उताराचा पत्ता नाही. चार स्वयंसेवकांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या क्षणी सत्कारमूर्तींच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मी पाहत होतो, कारण पुढचा नंबर माझा होता.

लोमॅक्सने त्या पायऱ्यांची तक्रार करत बसण्यापेक्षा एक संस्था उभी करायचं घेतलं. ओकलंडला लागून असलेल्या बर्कलीत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' ही अपंगांनीच चालवलेली संस्था होती. घर, मदतनीस, खुर्चीची दुरुस्ती अशा रोजच्या गरजा ती भागवायची. पण तिथे येणारे बहुतेक गोरे. १९७५ साली लोमॅक्स तिचा संस्थापक एड रॉबर्ट्स याच्याकडे गेला आणि म्हणाला की हेच काम पूर्व ओकलंडच्या काळ्या वस्तीत सुरू करू, पँथर पाठीशी उभे राहतील. ते सुरू झालंही. पक्षाचे शाळकरी पोरांच्या मोफत न्याहारीचे आणि दवाखान्यांचे कार्यक्रम आपल्याकडच्या पुस्तकांतही आहेत. या केंद्राचा उल्लेख मात्र मला मराठीत कुठे सापडला नाही.

मग आला एप्रिल १९७७. अमेरिकेच्या १९७३च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ होतं: सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही कामात अपंगत्वावरून कोणाला वगळता येणार नाही. या वाक्याची घडण १९६४च्या नागरी हक्क कायद्यातून, म्हणजे काळ्यांच्या लढ्यातून मिळालेल्या कायद्यातून, जवळपास उचललेली होती. पण कायदा झाला तरी नियमावली निघेना. चार वर्षं निघाली नाही. (हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.) नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांचं आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खातं नियमांत जे बदल सुचवत होतं त्यांतून वेगळ्या शाळा, वेगळ्या सोयी असा वास येत होता आणि 'वेगळे पण समान' हे शब्द पुन्हा कानावर पडू लागले होते. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच सूत्राखाली काळ्यांना वेगळ्या डब्यात बसवणं कायदेशीर ठरवलं होतं, आणि १९५४ साली याच न्यायालयाने ते शाळांपुरतं मोडीत काढलं होतं. सूत्र मोडीत निघून पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. गोऱ्या अपंग कार्यकर्त्यांना ते ऐकून संताप आला तो बरोबरच होता. पण त्या सूत्राखाली प्रत्यक्षात जगलेली माणसंही त्या आंदोलनात होती, हे सांगणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

५ एप्रिलला देशभर खात्याच्या कार्यालयांसमोर निदर्शनं झाली. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे दीडशे माणसं इमारतीत शिरली आणि ठिय्या मारून बसली. वॉशिंग्टनमध्ये सरकारने जेवण आणि फोन तोडले तेव्हा आंदोलक दीडएक दिवसात बाहेर पडले. सॅन फ्रान्सिस्कोतले एप्रिल संपेपर्यंत हलले नाहीत. अंथरूण नाही, दर दोन तासांनी कूस बदलून देणारं घरचं माणूस नाही, औषधं थंड ठेवायला फ्रीज नाही. फोन बंद केले तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीतून बाहेरच्यांशी खुणांच्या भाषेत बोलले. डेनिस बिलप्स नावाचा एक आंधळा काळा तरुण सगळ्यांचा धीर टिकवायचं काम करत होता, ते त्याचं जणू पदच झालं होतं. लोमॅक्स होता आणि त्याचा मदतनीस चक जॅक्सनही होता, तोही पँथर. जॅक्सनने एकट्या लोमॅक्सचं पाहिलं नाही. ज्यांचे मदतनीस आत आले नव्हते अशा इतरांना उचलणं, धुणं, भरवणंही केलं.

आणि रोज गरम जेवण आलं. ते पँथरांनी आणलं. पहारेकऱ्यांनी अडवलं तेव्हा, आत बसलेल्या एका कार्यकर्तीच्या आठवणीप्रमाणे, पँथरांनी शांतपणे सांगितलं की आम्ही हे जेवण आत नेणार आहोत. आज थोडे आलोत, अडवलंत तर जास्त येऊ. जेवण आत गेलं. २८ एप्रिलला कॅलिफानोंनी नियमांवर सही केली. पुढे १९९०चा अमेरिकन अपंग हक्क कायदा याच पायावर उभा राहिला.

आता ही हकिकत सांगितली कशी जाते ते पाहा. लढा गोऱ्या अपंगांचा, त्यात पँथरांनी जेवण पुरवलं, किती मोठं मन. म्हणजे पंगत बसली एकांची आणि वाढपी दुसरे. पँथर तिथे का आले? कारण त्यांचा माणूस आत बसला होता. वॉशिंग्टनला मंत्र्याच्या दारी शिष्टमंडळ गेलं त्यात लोमॅक्स आणि जॅक्सन होते आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च पक्षाने केला. पक्षाच्या वर्तमानपत्राने आंदोलनाच्या बातम्या छापल्या. ही मदत बाहेरून आलेली नव्हती. दोन चळवळी एकाच माणसाच्या अंगात नांदत होत्या आणि त्या माणसाने त्यांची गाठ घालून दिली. लोमॅक्स १९८४ साली ३३व्या वर्षी गेला. न्यूयॉर्क टाइम्सने त्याचा मृत्युलेख छापला तो २०२० साली, ज्यांच्याकडे तेव्हा दुर्लक्ष झालं अशांसाठी काढलेल्या मालिकेत. छत्तीस वर्षं उशिरा का होईना, छापला.

माझं म्हणणं असं आहे की काळ्या अपंगांचा गौरव होत नाही असं नाही, तो होतो, पण त्यांचं शरीर वगळून होतो. आणि ते वगळण्याचं काम गोऱ्यांनी एकट्यांनी केलेलं नाही.

त्यामागे एक जुनी जखम आहे. गुलामीच्या समर्थकांचा लाडका युक्तिवाद होता की काळा माणूस मुळातच अधू आहे, स्वातंत्र्य त्याला सोसणार नाही. १८४०च्या अमेरिकन जनगणनेत उत्तरेतल्या स्वतंत्र काळ्यांमध्ये वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी पट दिसलं आणि जॉन कॅल्हूनसारख्या मुत्सद्द्यांनी ते आकडे नाचवले. एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने तपासलं तेव्हा निघालं की ज्या गावांत एकही काळा माणूस राहत नाही तिथेही 'काळे वेडे' मोजलेत. वूस्टरच्या इस्पितळातले गोरे रुग्ण काळ्यांच्या रकान्यात टाकलेत. चूक दाखवून दिली तरी आकडे दुरुस्त झाले नाहीत. १८५१ साली लुइझियानाच्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने तर गुलाम पळून जातात त्याला रोगच ठरवलं, 'ड्रॅपटोमेनिया' असं भारदस्त नाव दिलं आणि इलाजात चाबूकही सांगितला.

अशा आरोपाला उत्तर काय द्यायचं? सरळ उत्तर म्हणजे आम्ही अधू नाही, आम्ही धडधाकट आहोत, म्हणून आम्हाला हक्क द्या. काळ्यांच्या चळवळीने हे उत्तर दिलं, आणि त्या वेळी दुसरं उत्तर देता आलं असतं असं मला वाटत नाही. पण त्या उत्तरात एक गोष्ट निमूटपणे कबूल झाली: अधू असता तर हक्क नाकारणं चाललं असतं. जे खरोखर आंधळे, लंगडे, फेफरं येणारे होते ते त्या दिवसापासून आपल्याच लोकांना अडचणीचे झाले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तेव्हापासून मराठी विचारात त्या साखळदंडांची आठवण आहे. साखळदंड तुटले तरी घोट्याला पडलेले घट्टे राहतात, त्यांची आठवण त्या मानाने कमी आहे.

हॅरिएट टबमनचं पाहा. मेरीलँडमधली गुलाम पोर. कोवळ्या वयात एका दुकानात उभी असताना मुकादमाने दुसऱ्या एका पळणाऱ्या गुलामावर दोन पौंडांचं वजन फेकलं, ते हिच्या डोक्यात बसलं. त्यानंतर जन्मभर तिला झटके येत, बोलता बोलता ती गाढ झोपी जाई, डोकं ठणके. १८४९ साली ती एकटी पळाली. मग तेरा-एक वेळा परत गेली आणि सत्तरच्या आसपास माणसांना सोडवून आणलं. रात्री जंगलातून चालताना ती मध्येच झोपायची, मागची माणसं श्वास रोखून थांबायची, ती जागी झाली की पुढे निघायची. शाळेच्या पुस्तकात ही बाई भेटते ती बंदूक घेतलेली, न थकणारी. झोप गायब असते.

मला विचाराल तर ती झोप हाच सगळ्या गोष्टीचा कणा आहे. वीस-वीस मैल जिवावर उदार होऊन चालणारी माणसं एका झोपलेल्या बाईभोवती बसून राहतात, तिला टाकून जात नाहीत. नेतृत्वाची असली कल्पना आपल्या डोक्यात कधी येते का? आपल्याला नेता लागतो तो अठरा तास काम करणारा, न झोपणारा.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. 'दिव्यांग' हा शब्द मला कधी पटला नाही. दुखऱ्या गुडघ्यात दिव्य काही नसतं, आणि शब्द बदलला की उतार बांधायचं राहून जातं असा अनुभव आहे. पण टबमनपुढे मला जरा गप्प बसावं लागतं. त्या झोपेत तिला दृश्यं दिसत आणि तो देव आपल्याशी बोलतो अशी तिची श्रद्धा होती. कुठल्या वाटेने जायचं ते ती त्यावरून ठरवी. दिव्य म्हणायचं तर तिनेच म्हटलेलं आहे. फरक एवढाच की ते तिने स्वतःच्या अंगाबद्दल म्हटलं, कुठल्या मंत्रालयाने तिच्याबद्दल नाही.

यादवी युद्धात ती हेर होती, परिचारिका होती. जून १८६३मध्ये दक्षिण कॅरोलिनात कॉम्बाही नदीवरच्या चढाईत तिने वाट दाखवली आणि सातशेहून अधिक गुलाम एका रात्रीत सुटले. याबद्दल पेन्शन मागता मागता ती म्हातारी झाली. १८९९ साली सरकारने महिना २० डॉलर मंजूर केले, त्यातले आठ नवरा सैनिक होता म्हणून. २०१६ साली जाहीर झालं की २० डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र येणार. ती नोट अजून बाजारात यायची आहे. आली तर तिच्यावरचा चेहरा कपाळावरच्या व्रणासकट असावा, एवढीच माझी इच्छा.

फॅनी लू हेमरच्या बाबतीत वगळायचं जास्त होतं. मिसिसिपीतल्या कापूसमजुरांच्या घरातलं विसावं मूल, १९१७चं. लहानपणी पोलिओने पाय अधू झाला. १९६१ साली गाठ काढायला म्हणून इस्पितळात गेली आणि डॉक्टरने न विचारता गर्भपिशवी काढून टाकली. दक्षिणेत गरीब काळ्या बायकांवर हे इतकं सर्रास होत होतं की त्याला तिने 'मिसिसिपीचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन' अशा अर्थाचं नाव दिलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांच्या बातम्या ज्यांनी २०१९ साली वाचल्यात त्यांना या नावातला कडवटपणा समजावून सांगायला नको. जून १९६३मध्ये विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांकरवी तिला इतकं मारवलं की मूत्रपिंडाला कायमची इजा झाली, डोळा अधू झाला, लंगडणं वाढलं. २२ ऑगस्ट १९६४ला अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिने हेच सांगितलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद घेऊन कॅमेरे स्वतःकडे वळवले. वाहिन्यांनी तिची साक्ष संध्याकाळी दाखवली आणि देशाने ती पाहिली.

त्या साक्षीत शरीर सोडून काय होतं? तिने कुठल्या कलमाचा हवाला दिला नव्हता. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्याबद्दल काय सोसावं लागलं, तुरुंगात मारलं कसं, पोलिओ झालेली डावी बाजू हातांनी कशी सांभाळली, हे ती बोलली. 'वैतागण्याचाही आता वीट आलाय' अशा अर्थाचं तिचं एक वाक्य टी-शर्टांवर छापलं जातं. छापणाऱ्यांना ते रागाचं वाटतं. मूळ इंग्रजीत त्यात 'सिक' म्हणजे आजारी हा शब्द आहे; ते दुखणाईत बाईचंही वाक्य आहे. १४ मार्च १९७७ला ती गेली, सॅन फ्रान्सिस्कोच्या ठिय्याच्या तीन आठवडे आधी. एकाच चळवळीची म्हणून ही दोन पानं शेजारी ठेवलेली मी कुठे पाहिलेली नाहीत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो फालतू नाही. हेमर किंवा टबमन स्वतःला 'अपंग' म्हणवत नव्हत्या. आज त्यांना ती पाटी लावणं म्हणजे त्यांच्यावर आपली गरज लादणं नाही का? पाटी लावू नका, मी कुठे लावा म्हणतो. पण जे झालं ते खोडू तरी नका. हा आक्षेप सगळ्यात अवघड होतो तो बार्बरा जॉर्डनपाशी. टेक्सासची ही काळी वकील १९७२ साली संसदेत निवडून आली, १९७४ साली निक्सनवरच्या महाभियोगाच्या सुनावणीत बोलली तेव्हा तिचा तो खर्जातला आवाज देशभर गाजला. १९७३पासून तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता, लोमॅक्सचाच आजार, आणि तिने तो लोकांपासून झाकून ठेवला. पुढे काठी दिसली, खुर्ची दिसली, तरी नाव घेतलं नाही. तिच्या मृत्यूनंतर, १९९६ साली, ते उघडपणे बोललं जाऊ लागलं. मग तिचं नाव अपंगांच्या इतिहासात घ्यायचं की तिचं झाकणं पाळायचं? मला वाटतं दोन्ही लिहावं. काळी, बाई आणि वर आजारी, असं तिसरं ओझं मतदार उचलून घेणार नाहीत हा तिचा हिशेब होता. असा हिशेब करावा लागणं हाही इतिहासच आहे. मी स्वतः लग्नाच्या वयात फोटो काढताना कायम टेबलामागे बसायचो. त्यामुळे तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

जॉनी लेसी या काळ्या बाईंना तरुणपणी पोलिओ झाला होता, पुढे त्या कॅलिफोर्नियात हेवर्डच्या स्वतंत्र जीवन केंद्राच्या संचालक झाल्या. त्यांनी आपल्या मुलाखतीत हे दोन्हीकडचं सांगून ठेवलंय: काळ्यांमध्ये त्यांचं अपंगत्व बाजूला ठेवलं जाई आणि अपंगांमध्ये त्यांचं काळेपण. आपल्याकडच्या दलित अपंगाला हे वाचताना भाषांतराची गरज पडणार नाही. तालुक्याला दाखला काढायला गेला की त्याला दोन रांगांत उभं राहावं लागतं, आणि चळवळीच्या व्यासपीठावर मात्र तो दोन्हीकडे शेवटच्या रांगेत असतो.

व्रणासकट गौरव करता येतो का? एके ठिकाणी तो केलेला मला माहीत आहे. १२ फेब्रुवारी १९४६ला सार्जंट आयझॅक वुडर्ड दुसऱ्या महायुद्धातून सन्मानाने निवृत्त होऊन, त्याच दिवशी, गणवेशातच बसने घरी निघाला होता. लघवीला बस थांबवण्यावरून चालकाशी शब्दाला शब्द झाला. दक्षिण कॅरोलिनातल्या बेट्सबर्ग गावी पोलीसप्रमुखाने त्याला उतरवून सोट्याने डोळ्यांवर मारलं. दोन्ही डोळे गेले. गोऱ्या ज्युरीने पोलीसप्रमुखाला अर्ध्या तासाच्या आत निर्दोष सोडलं. ही बातमी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या जिव्हारी लागली, आणि २६ जुलै १९४८ला सैन्यातला वर्णभेद संपवणारा आदेश निघाला त्यामागे हे डोळे होते. वुडर्ड १९९२ साली गेला. २०१९ साली बेट्सबर्गने त्याच्या नावाचा फलक रस्त्याकाठी लावला, त्यावर खाली ब्रेल लिपीतही मजकूर आहे. ज्याच्यासाठी फलक लावला तो आला असता तर त्याला तो वाचता आला असता, एवढा विचार कोणीतरी केला.

कर्णबधिरांच्या बाबतीत तर वगळण्यातूनच एक ठेवा शिल्लक राहिला. काळ्या कर्णबधिर मुलांसाठी दक्षिणेतली पहिली शाळा १८६९ साली उत्तर कॅरोलिनातल्या रॅलेला सुरू झाली. पुढे जगभर टूम निघाली की कर्णबधिरांना खुणा करू द्यायच्या नाहीत, ओठ वाचायला आणि बोलायलाच लावायचं. गोऱ्यांच्या शाळांत मुलांच्या हातांवर बंधनं आली. काळ्यांच्या शाळांकडे तेवढा पैसा कोण खर्च करतो? म्हणून तिथे खुणा वाचल्या. आज तिला काळ्यांची अमेरिकन खुणांची भाषा म्हणतात. दोन्ही हातांनी केलेल्या खुणा, कपाळापर्यंत जाणारे हात, मोकळी ऐसपैस हालचाल. कॅरोलिन मॅककॅस्किल १९६८ साली अलाबामात टॅलाडेगाच्या काळ्यांच्या शाळेतून त्याच गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत गेल्या तेव्हा त्यांना शिक्षकांच्या खुणा कळेनात. मुलांना सांगितलं गेलं की तुमच्या खुणा जुनाट, चुकीच्या. गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या पोराला 'न'चा 'ण' शिकवणारे मास्तर इथेही ओळखीचे वाटतील. मॅककॅस्किल पुढे कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि त्यांनी सहकाऱ्यांसोबत याच खुणांचा सविस्तर अभ्यास केला. त्याच गॅलॉडेटच्या आवारातल्या केंडल शाळेने पन्नासच्या दशकात काळ्या मुलांना वेगळ्या इमारतीत बसवलं होतं आणि पदविका दिल्या नव्हत्या. २०२३च्या जुलैमध्ये विद्यापीठाने माफी मागून २४ विद्यार्थ्यांच्या नावे त्या दिल्या. बरेचसे तोवर गेले होते.

इथवर मी ज्यांची नावं घेतली त्यांनी काही ना काही केलं. 'योगदान' या शब्दाचा हाच धोका आहे. काही केलं असेल तर आठवू, नाहीतर नाही. मग ज्युनियस विल्सनचं काय करायचं? उत्तर कॅरोलिनातला हा कर्णबधिर काळा मुलगा रॅलेच्या त्याच शाळेत खुणा शिकला. १९२५ साली, सतराव्या वर्षी, त्याच्यावर बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोप झाला. खटला कधी चाललाच नाही. त्याच्या खुणा कोणाला कळेनात म्हणून वेडा ठरवून गोल्ड्सबरोच्या काळ्यांच्या मनोरुग्णालयात टाकलं, तिथे त्याचं अंडच्छेदन केलं, शेतावर राबवलं. सत्तरच्या दशकात आरोप मागे घेतले गेले, पण तो तिथेच राहिला, कारण जाणार कुठे हे कोणी ठरवलं नाही. १९९४ साली त्याच आवारात त्याला एक छोटं घर मिळालं. २००१ साली तो गेला. पाऊणशे वर्षं. त्याने मोर्चा काढला नाही, गाणं रचलं नाही. रॅलेच्या खुणा मात्र विसरला नाही, समोर समजणारं कोणी नसताना. त्याचा पुतळा कसा करणार? आणि ज्या गौरवात त्याला जागा नाही तो गौरव मला का पटावा?

विल्सनला जे मिळालं नाही ते लोइस कर्टिसने मागून घेतलं. अटलांटाची ही काळी मुलगी, बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार दोन्ही, लहान वयापासून संस्थांत आणि इस्पितळांत. डॉक्टर म्हणत होते की मदत मिळाली तर ती बाहेर राहू शकेल, सरकार सोडत नव्हतं. ती मोफत कायदा सल्ला केंद्राला फोन करायची, पुन्हा पुन्हा, आणि विचारायची की मी इथून कधी सुटणार. १९९५ साली दावा दाखल झाला. २२ जून १९९९ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याला समाजात राहता येतं त्याला विनाकारण संस्थेत कोंडणं हा भेदभाव आहे. या निकालामुळे अमेरिकेत किती माणसं घरी गेली त्याची मोजदाद अवघड आहे. निकाल ओळखला जातो 'ओल्मस्टेड' या नावाने. टॉमी ओल्मस्टेड हे त्या वेळचे जॉर्जिया राज्याच्या खात्याचे आयुक्त, म्हणजे तिला सोडायला नकार देणाऱ्या बाजूचे. तिचं नाव निकालपत्रात दोन अक्षरांचं आहे, एल. सी.

बाहेर आल्यावर लोइस कर्टिस भाड्याच्या घरात राहिली आणि चित्रं काढू लागली, बहुतेक चेहरेच. २०११च्या जूनमध्ये व्हाइट हाउसमध्ये तिने बराक ओबामांना एक चित्र भेट दिलं, नारिंगी झग्यातल्या एका लहान मुलीचं. ती मुलगी म्हणजे तीच. अशी चित्रं तिने बरीच काढली, कारण तिच्याकडे स्वतःचा लहानपणचा एकही फोटो नव्हता.